खड्ड्याची तक्रार तडीस नेताना

पावसाळ्यात खड्ड्याचा फोटो नगरसेवकाला पाठवला की बहुतेक वेळा दोन-चार घमेली खडी आणि वर मुरूम येऊन पडतो. दोन सरींत मुरूम वाहून जातो, खडी रस्ताभर पसरते, आणि काल खड्ड्यात आपटणारी दुचाकी आज खडीवरून घसरते. तक्रार मात्र दप्तरी निकाली निघालेली असते. मागणी ‘खड्डा बुजवा’ एवढीच होती, ती पुरी झाली. त्यापेक्षा रस्ता कुणाचा, त्याची हमी संपली आहे का, आणि त्यावरचं पाणी जातं कुठे हे विचारा. याची उत्तरं कागदावर आली की अभियंता, ठेकेदार आणि लोकप्रतिनिधी तिघांनाही हात झटकणं जड जातं.

रस्त्याचा मालक शोधणे

शहराबाहेर कामाला येतो तो किलोमीटरचा दगड. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, आणि नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. महाराष्ट्रात राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर सुरुवातीलाच फलक असतो आणि त्यावर ठेकेदार, खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख लिहिलेली असते. या योजनेत पुढच्या ५ वर्षांची देखभाल मूळ ठेक्यातच धरलेली असते, त्यामुळे ‘निधी नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

शहरात गोंधळ जास्त. एकाच चौकात वरचा पूल रस्ते विकास महामंडळाचा, खालचा रस्ता महापालिकेचा, बाजूचा सेवा रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा आणि वळणापुढचा एमआयडीसीचा किंवा छावणी मंडळाचा, असं सहज होतं. नव्या वसाहतींत तर बिल्डरने रस्ता पालिकेकडे हस्तांतरित केलेलाच नसतो आणि रहिवासी वर्षानुवर्षं चुकीच्या दारावर उभे राहतात. नक्की कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज ज्याच्यावर संशय आहे त्या कार्यालयात टाका. माहिती दुसऱ्याकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो अर्ज ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. साध्या तक्रारीला ही सोय नाही. ‘आमच्या अखत्यारीत नाही’ म्हणून ती तिथेच संपते.

खड्डा मोजणे

‘रस्त्याची चाळण झाली आहे’ या वाक्यावर कुठलाच अभियंता काम काढू शकत नाही. त्याला जागा आणि आकडे लागतात. सकाळी सहा-साडेसहाला, रहदारी नसताना, दोघांनी जा. एकजण मोजेल, दुसरा येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून उभा राहील. सोबत ५ मीटरची टेप, दीड-दोन मीटरची सरळ लाकडी पट्टी आणि स्टीलची फूटपट्टी एवढं पुरे.

पट्टी खड्ड्यावर आडवी ठेवा आणि तिच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत सर्वात खोल जागी माप घ्या. लांबी आणि रुंदी जिथे डांबर सुटायला लागलं आहे तिथून धरा, फक्त भोकाची नको. पाणी साचलेलं असेल तर काठी घालून खोली घ्या आणि तसं नमूद करा. जागा सांगताना दुकानाची नावं टाळा, ती बदलतात. विजेच्या खांबावरचा क्रमांक, किलोमीटर दगडापासूनचं अंतर किंवा चेंबरचं झाकण ही जास्त टिकाऊ खूण. प्रत्येक खड्ड्याचे दोन फोटो घ्या: एक टेपसकट जवळून, दुसरा मागची कायमची खूण दिसेल असा लांबून.

खड्ड्याच्या उभ्या कडेकडे नीट बघा. तिथे रस्त्याचा छेद आयताच दिसतो. अंदाजपत्रकात वरचा थर ४० मिलिमीटरचा आणि कडेला फूटपट्टीवर २० भरत असतील तर ते माप फोटोसह लिहून ठेवा. मात्र जुन्या थरावर नवा थर टाकलेला असेल तर दोघांमध्ये रंगाची बारीक रेघ असते. ती न पाहता सगळी जाडी एकत्र मोजली तर ठेकेदाराचंच भलं होतं.

खड्डा का पडला याची खूणही तिथेच सापडते. मगरीच्या पाठीसारख्या भेगांच्या जाळ्यात पडला असेल तर खालचा पाया बसलेला आहे आणि वरचं पॅचवर्क फुकट जाणार. सरळ रेषेत, फूट-दीड फूट रुंदीच्या पट्ट्यात ओळीने पडले असतील तर ते केबल किंवा जलवाहिनीच्या चरावरचे. चर मातीने एका दमात भरतात, धुम्मस मारत नाहीत, वर डांबराची पापडी टाकतात आणि पहिल्या पावसात माती बसते. चेंबरच्या भोवती गोल पडला असेल तर झाकण आणि रस्ता यांची पातळी जुळलेली नाही. उन्हाळ्यातही ओला राहणारा खड्डा पाणीपुरवठा विभागाचा, गळती थांबल्याशिवाय रस्ते विभागाने कितीही डांबर ओतलं तरी उपयोग नाही. आणि रस्त्याच्या कडेने ओळीने पडत असतील तर साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली आहे किंवा गटाराची तोंडं बुजली आहेत.

हे शेवटचं कारण सर्वात जास्त आढळतं आणि त्याची तक्रार सर्वात कमी होते. जास्त पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत साधारण अडीच टक्के उतार हवा, म्हणजे ३ मीटरला ७५ मिलिमीटर. दोरी ताणून, पाणपातळी लावून हे कुणालाही तपासता येतं. डांबराला पाण्याचंच वावडं आहे. भेगेतून पाणी आत शिरतं, चाकाच्या दाबाने ते खडी आणि डांबर यांच्यामध्ये घुसतं, खडीवरचं डांबर सुटतं आणि एकेक खडा निघायला लागतो.

आता हिशेब. समजा दहा खड्डे आहेत, सरासरी ६० × ५० सेंटिमीटर आणि ६ सेंटिमीटर खोल. एकाचं घनफळ ०.०१८ घनमीटर, दहांचं ०.१८. दाबून बसलेली डांबरमिश्रित खडी घनमीटरला साधारण २.३ टन भरते, म्हणजे सगळं मिळून ४१५ किलोच्या आसपास माल. कोल्ड मिक्सची, म्हणजे गरम न करता वापरायच्या तयार डांबरी मालाची, २५ किलोची गोणी ढोबळमानाने अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल खड्ड्याला पुरते. पुढे ठेकेदाराचं देयक (बिल) हाती आलं की हा आकडा शेजारी ठेवा. खड्डा चौकोनी कापून घेतल्यावर क्षेत्र वाढतंच, त्यामुळे तुमच्या मापाच्या दीडपट-दुप्पट नोंद दिसली तर लगेच चोरी म्हणू नका. पाचपट दिसली तर जरूर विचारा.

हमीचा कागद

प्रत्येक रस्त्याच्या ठेक्यात दोष दायित्व कालावधी असतो. या काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. कामाच्या प्रकारानुसार हा कालावधी दोन-तीन वर्षांपासून १० वर्षांपर्यंत असतो. मुंबई महापालिकेच्या काँक्रीट रस्त्यांना १० वर्षांचा आहे. तो मोजायचा काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून, कार्यारंभ आदेशापासून नाही. हमीतल्या रस्त्यावर पालिकेने आपल्या पैशाने पॅचवर्क केलं तर करदात्याने एकाच रस्त्याचे दोनदा पैसे मोजले. ठेकेदाराला कुणी हातही लावला नाही.

राज्याच्या ई-निविदांच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर निविदा सापडली तर कालावधी तिथेच कळतो. नाहीतर माहितीचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. मजकूर असा घालता येईल:

‘अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्यावर मागील ५ वर्षांत झालेल्या डांबरीकरण व दुरुस्तीच्या कामांबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. (१) कार्यारंभ आदेश व काम पूर्णत्वाचा दाखला. (२) दोष दायित्व कालावधी नमूद असलेली करारनाम्याची पाने. (३) मोजमाप पुस्तकातील नोंदी व अदा केलेली देयके. (४) गुणवत्ता चाचणी अहवाल व डांबर खरेदीची चलने. (५) सुरक्षा अनामत परत केली असल्यास आदेशाची प्रत. (६) याच रस्त्यावर दिलेल्या खोदाई परवानग्या व जागा पूर्ववत करण्यासाठी जमा झालेल्या रकमेच्या पावत्या.’

‘रस्ता खराब का झाला?’ असा प्रश्न अर्जात कधीही घालू नका. कायद्याने नोंद मिळते, खुलासा मिळत नाही, आणि त्या एका प्रश्नावर बोट ठेवून अख्खा अर्ज परतवला जातो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. ‘कागदपत्रे विपुल आहेत’ असं उत्तर आलं तर प्रत्यक्ष जाऊन नस्ती पाहण्याची मागणी करा. कलम २(ञ) प्रमाणे कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. हमीतल्या रस्त्यावर थराचा गोल नमुना तुमच्यासमोर कापून घ्या, अशी लेखी मागणी झाल्यावर दुरुस्तीला अचानक वेग येतो, हा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे.

सहावा मुद्दा मुद्दाम घातला आहे. ठेकेदाराची ठरलेली पळवाट अशी की ‘माझ्यानंतर केबलवाल्यांनी खोदलं, हमी संपली.’ खोदाई झाली असेल तर परवानगी देताना कंपनीकडून रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क घेतलेलं असतं. ते पैसे कुठे आहेत हे विचारता येतं. खोदाई झालीच नसेल तर ठेकेदाराची सबब तिथेच पडते.

तक्रार आणि पोच

आधी ॲप किंवा हेल्पलाइन, कारण तिथे तारीख-वेळेसह क्रमांक मिळतो. मुंबईत १९१६, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, ग्रामसडक योजनेसाठी ‘मेरी सडक’, आणि कुठेच दाद लागली नाही तर राज्याचं ‘आपले सरकार’ पोर्टल. पण एवढ्यावर थांबू नका. ॲपवरची तक्रार दुसऱ्या खड्ड्याचा फोटो चढवूनही बंद करता येते.

दुसऱ्या दिवशी कार्यकारी अभियंत्याच्या नावे अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज रद्दीत गेला तरी कुणाला विचारता येत नाही. अर्ज एका पानाचा ठेवा: रस्ता, लांबी, खड्ड्यांचा तक्ता, ॲपवरचा क्रमांक, आणि मागणी. रस्ता हमीत असेल तर मागणी अशी लिहा: ‘ठेकेदारास दोष दायित्वाखाली नोटीस द्यावी, मुदतीत दुरुस्ती न झाल्यास त्याच्या अनामतीतून करून घ्यावी व नोटिशीची प्रत अर्जदारास मिळावी.’

अर्जात मुंबई उच्च न्यायालयाचे दोन दाखले द्यायला हरकत नाही. खड्ड्यांबाबत न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि १२ एप्रिल २०१८ च्या निकालात सुस्थितीतले रस्ते हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पुढे १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डा निदर्शनास आल्यापासून ४८ तासांत बुजवायला सांगितलं. म्हणूनच आवक शिक्क्यावरची वेळ महत्त्वाची, ते ४८ तासांचं घड्याळ तिथून सुरू होतं.

बुजवताना तिथे उभे राहा

काम रात्री येतं. शाखा अभियंत्याला आधी फोन करून वेळ विचारून ठेवा. तुम्ही काय बघताय हे मुकादमाला कळलं की निम्मं काम आपोआप नीट होतं.

खड्डा चौकोनी कापलेला हवा, कडा उभ्या. गोलाकार, निमुळत्या कडेवर टाकलेला माल पापडीसारखा सुटतो. सैल खडी टणक थर लागेपर्यंत काढायची, मग ब्रश किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ काढायची. तळाला आणि चारही कडांना डांबरी इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) हात, साधारण चौरस मीटरला पाव किलो. इमल्शन टाकताना तपकिरी असतं, थोड्या वेळाने काळं पडतं. काळं पडल्याशिवाय माल टाकू नये, कारण त्यातलं पाणी अजून निघालेलं नसतं. कडा कोरड्या ठेवणं ही सर्वात नेहमीची चूक आहे आणि पॅच उखडतो तो कडेपासूनच.

गरम माल ताडपत्रीखाली यायला हवा. नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असावा आणि ९० च्या खाली जाण्याआधी रोलिंग संपावं. बंदुकीसारखा तापमापक मिळतो, प्रभागातल्या चार सोसायट्यांनी मिळून एक घेतला तरी चालतो. ढेकळं झालेला, राखाडी दिसणारा माल परत पाठवायला सांगा. खड्डा ७५-१०० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर दोन थरांत भरायचा आणि प्रत्येक थर वेगळा दाबायचा. छोट्या खड्ड्याला प्लेट व्हायब्रेटर, मोठ्याला रोलर. ट्रकचं चाक दोनदा फिरवणं म्हणजे दाबणं नव्हे. शेवटी पॅच रस्त्यापेक्षा ५ मिलिमीटरभर वर असावा, रहदारीने तो बसतो. इंचभर वर ठेवला तर तुम्ही खड्डा देऊन गतिरोधक घेतलात.

भर पावसात गरम माल ओल्या खड्ड्याला धरत नाही. तेव्हा कोल्ड मिक्स किंवा मास्टिक अस्फाल्ट. मास्टिक १८० ते २०० अंशांना ओततात, त्याला रोलर लागत नाही आणि पाणी आत शिरत नाही, पण वर बारीक खडी दाबून बसवली नाही तर ते घसरडं होतं. कोल्ड मिक्ससुद्धा साचलेल्या पाण्यात ओतायचं नसतं. आधी पाणी उपसा, तळ पुसा, मग गोणी फोडा. डांबरी रस्त्यात पेव्हर ब्लॉक बसवण्याच्या भानगडीत पडू देऊ नका. दोन साहित्यांच्या सांध्यातून पाणी आत जातं, ब्लॉक वर-खाली होतात आणि पावसात दुचाकीला ते डांबरापेक्षा जास्त दगा देतात.

राडारोडा, विटांचे तुकडे, माती आणून रहिवाशांनी स्वतः खड्डा भरू नये. निघून आलेला माल गटारात जातो आणि पुढच्या पावसात दोष तुमच्याकडे ढकलला जातो.

पैसा ठरतो तेव्हा हजर राहा

खड्ड्यांवर जुलैत आंदोलनं होतात, पण रस्त्याचे पैसे हिवाळ्यात ठरतात. महापालिकेत आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतं, त्यासाठी प्रभागातून कामांच्या याद्या त्याच्या कितीतरी आधी मागवल्या जातात. पावसाळा संपता संपता, खड्ड्यांची मापं ताजी असताना, तुमच्या रस्त्याचं नाव त्या यादीत गेलं पाहिजे. पुण्यात नागरिकांना स्वतः कामं सुचवता येतील अशी सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत २००६-०७ पासून आहे. गावात हेच काम ग्रामसभेत करायचं: ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, प्रत जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याला पोचवा. फक्त टाळ्यांनी मंजूर झालेला ठराव पुढे सरकत नाही.

२०२२ पासून बहुतेक महापालिकांत प्रशासकांचा कारभार होता आणि विचारायला नगरसेवकच नव्हता. १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांची निवडणूक झाली, आता तो आहे. त्याला ‘रस्ता करून द्या’ म्हणू नका, तो हो म्हणेल. अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष (पैसे कुठल्या नोंदीखाली धरले आहेत ते), त्यापुढची रक्कम आणि निविदा कधी निघणार हे विचारा. वर्षाच्या शेवटी ‘वर्गीकरण’ नावाची एक गोष्ट होते: एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवले जातात, आणि डांबरीकरणाचे पैसे कमानीला किंवा बाकड्यांना जातात. तुमच्या रस्त्याचे पैसे वर्गीकरणात गेले का, हे स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवरून कळतं. ते कळल्यावर नगरसेवकाशी होणारं बोलणं फार वेगळं असतं, मग पक्ष कुठलाही असो.

आणि डांबरीकरणाआधी एक अट नेहमी घालायला लावा: त्या रस्त्याखालची जलवाहिनी, मलवाहिनी, केबल यांची कामं आधी, थर नंतर. नवा रस्ता महिनाभरात खोदला जातो तो दोन विभागांनी एकमेकांना न विचारल्यामुळे.

अपघात झाला असेल तर

खड्ड्याचा फोटो आणि माप त्याच दिवशी घ्या, कारण अशा जागी खड्डा विलक्षण वेगाने बुजवला जातो. पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहून घ्यायला पोलिसांना सांगा, नाहीतर ‘वाहनावरील ताबा सुटला’ एवढीच नोंद होते आणि गुन्हा चालकावरच दाखल होतो. रुग्णालयातल्या पहिल्या नोंदीतही ‘खड्ड्यात आदळून’ हे शब्द यायला हवेत.

ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार खड्ड्याने किंवा उघड्या चेंबरने मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये, जखमींना इजेच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई आहे. महापालिका हद्दीत दावा आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे करायचा. रक्कम दाव्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत द्यायची आहे, उशीर झाला तर ९ टक्के व्याज. याशिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ आहे. देखभालीच्या मानकांत कसूर झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा किंवा ठेकेदार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फिर्याद देताना हे कलम नावानिशी लिहा, सांगितल्याशिवाय ते क्वचितच लावलं जातं.

अपघाताची वाट न पाहता जायचा रस्ता म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. ‘पैसे नाहीत’ ही सबब नगरपालिकेला चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात १९८० मध्येच सांगितलं आहे. अर्ज प्रांत कार्यालयात द्यायचा. सोबत मापांचा तक्ता, टेपसह फोटो, ॲपचा क्रमांक, आवक शिक्क्याच्या प्रती आणि माहिती अधिकारातून आलेलं हमीचं पान जोडा. स्वतःसाठी एक संच ठेवूनच बाकीचे टेबलावर ठेवा.